करामत क्रमांक तेरा

सासुरवाडीत जाऊन माणसानं काय बोलू नये, याची एखादी यादी लग्नातच भटजींनी वाचून दाखवायला हवी. दारव्ह्याच्या तहसील कचेरीतले कारकून मारोतराव गावंडे यांना ती कोणी वाचून दाखवली असती, तर १९६३ सालच्या दिवाळीत, पुसदला, भरल्या पंगतीत, हातात करंजी धरून ते असं म्हणालेच नसते की, "फुटबॉल? आमच्या दारव्ह्यात लय चालते फुटबॉल. मी स्वतः सेंटर फॉरवर्ड आहो."

पंगत थांबली. वाढणाऱ्या इंदूबाई, म्हणजे मारोतरावांच्या सासूबाई, तुपाची वाटी हातात घेऊन उभ्याच राहिल्या. शेजारी बसलेला मेहुणा गोविंदा पुसदच्या क्लबाचा फुलबॅक होता आणि त्याची छाती कपाटाच्या दाराएवढी होती. त्यानं आपल्या जावईबापूंकडे पाहिलं, त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि पुन्हा पानाकडे पाहिलं. करंजी खाली ठेवावी की खावी, हे मारोतरावांना कळेना. म्हणून त्यांनी ती खाल्ली.

असं ते का बोलले, याला कारण होतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. या बारा वर्षांत सासुरवाडीत त्यांचा मान राखण्यात कोणी कसूर केली नव्हती. पाट, पाटाभोवती रांगोळी, हात धुवायला गरम पाणी, निघताना टोपी-उपरणं, सगळं यथासांग. पण सासरे बाबाराव हे निवृत्त हेडमास्तर, आणि बारा वर्षांत त्यांनी आपल्या जावयाला फक्त दोन प्रश्न विचारले होते. आल्यावर "गाडी वेळेवर होती?" आणि जेवल्यावर "पोट बरं आहे ना?" तिसरा प्रश्न नाही. राजकारण, पाऊसपाणी, मुलांचं शिक्षण, यातलं काही जावयाला विचारावं, असं त्यांना कधी वाटलं नाही. गोविंदाशी मात्र ते तासन् तास फुटबॉलवर बोलत, कारण तालुक्यातल्या सामन्यांत वीस वर्षं शिट्टी त्यांच्याच तोंडात होती. मारोतराव जवळ बसून सुपारी कातरत. मखरात बसवलेल्या गणपतीला कोणी बाजारभाव विचारत नाही, तसंच ते होतं. आणि मारोतरावांना तो तिसरा प्रश्न हवा होता. कसलाही चालला असता.

बाबारावांनी चष्म्यावरून पाहिलं. "अस्सं?" ते म्हणाले. मग गोविंदाकडे वळून, "संक्रांतीच्या नंतरच्या रविवारी बोलावून घे मंग यायची टीम."

परतीच्या एस.टी.त त्यांच्या बायकोनं, प्रभावतीनं, दिग्रसपर्यंत वाट पाहिली आणि मग विचारलं, "तुम्ही फुटबॉल कवा खेळले वो?"

"पुस्तक आहे माह्यापाशी," मारोतराव म्हणाले.

पुस्तक खरंच होतं. खात्याच्या परीक्षेसाठी नागपूरला गेले असताना फुटपाथवर त्यांनी ते घेतलं होतं. हिंदी होतं, नाव 'फुटबॉल की इक्कीस करामातें', आणि प्रत्येक करामतीबरोबर मिशाळ माणसाची चित्रं होती. चेंडू तळव्याखाली दाबून थांबवणं ही चौथी. टाचेनं मागच्याला देणं ही नववी. पण मारोतरावांचा जीव जडला होता तेराव्या करामतीवर. तीत चेंडू समोर ठेवून त्याला अजिबात पाय लावायचा नव्हता. उजवा पाय चेंडूवरून फिरवायचा, डावा पाय फिरवायचा, पुन्हा उजवा, कंबर इकडे, खांदा तिकडे. समोरचा खेळाडू गोंधळून भलत्याच बाजूला झुकतो, "और तब गेंद को", आणि तिथं पान संपत होतं. पुढचं पान वाळवीनं खाल्लं होतं. वाळवी चौदाव्या करामतीपासून थेट एकविसावीपर्यंत गेली होती आणि मलपृष्ठातून बाहेर पडली होती. तेव्हा तब गेंद को काय करायचं, हे मारोतरावांना ठाऊक नव्हतं. वेळ आली की सुचेल, असं त्यांचं मत होतं, आणि सरकारी नोकरीत या मतावर त्यांची अठरा वर्षं निघाली होती.

टीम जमवणं त्या मानानं सोपं गेलं. कचेरीतलेच सातजण मिळाले, तिघे कापसाच्या जिनिंग कारखान्यातून आले. गोलात उभे राहिले दप्तरी डोमाजी. माळ्यावरून फेकलेली कागदपत्रांची गाठोडी झेलण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे त्यांच्या हातून काही निसटत नसे. सात वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून त्यांनी साहेबलोकांपुढे वाकणं सोडलं होतं, आणि कचेरीला त्याची आता सवय झाली होती. जमिनीसरशी येणारा चेंडू कसा अडवणार, असं मारोतरावांनी भीतभीत विचारलं, तेव्हा डोमाजी म्हणाले, "चेंडूपुढं वाकाले हरकत नाही, बाबू. तो कोणाची जात विचारत नाही."

दुसरा मोहरा म्हणजे चपराशी पूनमसिंग. तांड्यावरून रोज सहा मैल चालत कचेरीत यायचा, त्यामुळे पायांत दम होता. त्याला फुटबॉलचं एकच तत्त्व कळत होतं, की चेंडू दिसला की लाथ घालायची. मारोतरावांनी पुस्तक उघडून त्याला तेरावी करामत समजावली. पूनमसिंगनं चित्रातल्या मिशाळ माणसाकडे बराच वेळ पाहिलं.

"बाबू, चेंडू समोर हाय, गोल समोर हाय. मंग मधात इतकं नाचाचं कायले?"

"ती कला आहे, पूनमसिंग."

"नाचतो तं आमीबी. होळीले सारा तांडा नाचते. पण तवा समोर कोणी गोल मांडून ठेवत नाही."

मारोतरावांनी पुस्तक मिटलं. अज्ञानी माणसाशी वाद घालू नये, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, आणि ते पान वाळवीनं खाल्लेलं नव्हतं.

खरी अडचण चेंडूची निघाली. अख्ख्या दारव्ह्यात फुटबॉल एकच, तो कचेरीच्या कपाटात, 'क्रीडासाहित्य, नग एक' या चिठ्ठीखाली. कपाट उघडलं तेव्हा चामडं धडधाकट होतं, पण आतला रबरी ब्लॅडर वाळून पापडासारखा झाला होता. फुंकर मारली तर दुसरीकडून वारा येई. मारोतराव स्वतः कारकून, त्यामुळे नव्या ब्लॅडरसाठी अर्ज कसा करावा हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि त्यांचं दुर्दैव असं की वरच्या कारकुनाला तो अर्ज कसा अडवावा हेही तितकंच चांगलं ठाऊक होतं. पहिला शेरा आला की, फुटबॉल एक नग शिल्लक दिसत असताना नवीन मागणीचं प्रयोजन काय? मारोतरावांनी लिहिलं, फुटबॉल आहे, हवा नाही. शेरा आला, हवा ही पुरवठ्याच्या बाबींत मोडत नाही. मग जुना ब्लॅडर निकामी असल्याचा दाखला मागवण्यात आला. दाखला कोणी द्यायचा? रबराचा म्हणून मोटारींच्या टायरचा दाखला देणाऱ्याकडे गेला, तर त्यानं लिहिलं, गाडीचा नंबर कळवावा. फुग्यासारखा म्हणून दवाखान्याकडे पाठवला, तर तिथून तो ब्लॅडर 'रोग्याचे नाव नमूद नाही' या शेऱ्यासह परत आला. यात नाताळ उजाडला. संक्रांत तीन आठवड्यांवर आली होती.

एव्हाना गल्लीभर बोभाटा झाला होता आणि ज्याला त्याला उपाय सुचत होता. सायकलवाला म्हणाला, मागच्या चाकाची ट्यूब गोल गुंडाळून आत घाला. निवृत्त पोस्टमास्तरांनी सामना पुढं ढकलण्याची तार कशी लिहावी ते सांगितलं. मारोतराव ओसरीवर रिकामं चामडं मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हा शेजारच्या मैनाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "त्यात रुई भरा ना, भाऊजी. गादीत मावते, उशीत मावते, तं यातच काहून नाही मावत?"

आता हा सल्ला मुंबईत किंवा कलकत्त्यात कोणी दिला असता तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण पौष महिना, दारव्ह्याचा बाजार, रस्त्यानं कापसाच्या गाड्या एकीमागून एक लागलेल्या, माणसांच्या भुवयांवरसुद्धा रुईचे पुंजके बसलेले. इथं पोकळ वस्तू दिसली की त्यात रुई भरायची, हे आपोआप सुचतं. मारोतरावांना तर वाटलं, हे आपल्याला आधी कसं नाही सुचलं! ते तडक शेख गफूर पिंजाऱ्याकडे गेले. गफूरमियाँनी चांगली लांब धाग्याची रुई पिंजली, काठीनं ठोसून ठोसून चामड्यात भरली, वर पक्की शिवण घातली आणि सांगितलं, "बाबू, हप्त्यातून दोनदा धुपात ठेवा. फुगून येईल."

त्या दिवसापासून दारव्ह्याच्या फुटबॉलनं बाळसं धरलं. जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी सराव होई. आणि गंमत काय, की मारोतरावांच्या सगळ्या करामती बिनचूक जमू लागल्या! रुईचा चेंडू उसळत नव्हता, घरंगळत नव्हता. ठेवला त्या जागी गरीब गाईसारखा बसून राही. तळव्याखाली दाबला की दबे. टाचेनं मागं दिला की बरोबर चार हातांवर जाऊन थांबे. तेरावी करामत करताना तर मारोतराव त्याच्यावरून सात-सात वेळा पाय फिरवीत आणि चेंडू आपला आज्ञाधारकपणे मध्ये पडलेला. "तब गेंद को" आलं की ते थांबत, आणि चेंडूही थांबे. पुस्तकातला मिशाळ माणूस उगाच इतका घामाघूम का दाखवलाय, हे त्यांना कळेना. फुटबॉल हा मुळात शांत स्वभावाचा खेळ आहे, असं त्यांचं ठाम मत झालं. उन्हात ठेवलेला चेंडू दुपारी प्रभावती डोक्याखाली घेऊन पडायची. तिचीही तक्रार नव्हती.

संक्रांतीनंतरचा रविवार उजाडला. टीम पहिल्या एस.टी.नं पुसदला उतरली. रुईचा चेंडू पिशवीत होता. प्रभावती दोन दिवस आधीच माहेरी आली होती. मैदान गावाबाहेर, एका बाजूला बोराटीचं काटेरी कुंपण, दुसऱ्या बाजूला निंबाच्या सावलीत सतरंज्या घालून बायकांचं हळदीकुंकू. सासूबाई मध्यभागी बसलेल्या. बाबाराव पांढरा शर्ट, पांढरी हाफपँट, गळ्यात शिट्टी अशा वेशात. मारोतराव पाया पडले. "गाडी वेळेवर होती?" बाबारावांनी विचारलं.

मग पुसदवाल्यांनी आपला चेंडू आणला. त्यात हवा होती.

मारोतरावांचं आयुष्य त्या चेंडूच्या पहिल्या टप्प्याबरोबर बदललं. आकाशातून तो खाली आला. त्यांनी पुस्तकाप्रमाणे चौथी करामत म्हणून त्यावर तळवा धरला, आणि चेंडूनं तळव्याला न जुमानता वर उसळून त्यांच्या नाकावर धडक दिली. त्यांना आधी वाटलं, चेंडूत काहीतरी बिघाड आहे. दुसऱ्यांदा त्यांनी नववी करामत केली. टाचेनं हलकेच मागं दिलेला चेंडू चार हातांवर थांबायचा सोडून चाळीस हात गेला, पुसदच्या फॉरवर्डच्या पायात पडला आणि तिथून डोमाजींच्या डोक्यावरून गोलात. पुसद एक, दारव्हा शून्य. डोमाजींनी त्यानंतर आठ चेंडू अडवले, त्यातले तीन वाकून. नाहीतर आकडा कुठं गेला असता सांगता येत नाही.

याहून वाईट पुढंच होतं. एकदा चेंडू चुकून मारोतरावांच्या पुढं पडला आणि ते गोलाकडे धावू लागले. समोर गोविंदा. त्यानं पाय उचलला मात्र, निंबाखालून सासूबाईंचा आवाज आला, "गोविंदा! जवाईबापूले पाय लावशील तं याद राखजो!"

गोविंदानं पाय खाली ठेवला. इतकंच नव्हे, बाजूला सरकून वाट दिली. पुसदच्या बाकीच्यांनी ते पाहिलं आणि तेही सरकले. कोणीतरी ओरडलं, "सरका, सरका, जवाई येऊन राह्यले!" मैदानभर हशा पिकला. आणि मोकळी वाट, मोकळा गोल असताना मारोतरावांनी मारलेला चेंडू हळदीकुंकवात गेला आणि तिळाच्या लाडवांचं ताट उलटं झालं.

मध्यंतराच्या थोडं आधी गोविंदानं एक सणसणीत लाथ घातली. चेंडू बोराटीच्या कुंपणात गेला, फुस्स झाला आणि पोतेऱ्यासारखा लोंबत राहिला. ब्लॅडरला एक बोट जाईल एवढं भोक. बाबारावांनी मध्यंतराची शिट्टी वाजवली.

मारोतराव पाणी प्यायला निंबाच्या मागं गेले आणि त्यांच्या कानावर सासऱ्यांचा आवाज पडला. बाबाराव गोविंदाला हळू आवाजात सांगत होते, "माय सांगते ते ऐक. जवाईबापूले काही करू नका. त्यायचा मान राखा. तसंही त्यायच्यानं काही होणार नाही."

तांब्या हातातच राहिला. बारा वर्षं मनात असलेली गोष्ट आज त्यांनी कानानं ऐकली. ती म्हणताना सासऱ्यांच्या आवाजात राग नव्हता, कुत्सितपणा नव्हता. आज कोणता वार आहे हे सांगावं तसं ते बोलले होते.

इकडे दुसरा चेंडू नव्हता. पूनमसिंगनं न विचारताच पिशवीतला रुईचा चेंडू काढून बाबारावांच्या हातात दिला. बाबारावांनी तो दाबला, हुंगला, कानाशी हलवून पाहिला. "यात काय आहे?"

"दारव्ह्याची रुई, मास्तरसाहेब," डोमाजी म्हणाले. "हवा सरकारनं मंजूर नाही केली."

बाबारावांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं आणि शांतपणे वाचलं. मग म्हणाले, "चामड्याचा पायजे, तं चामड्याचा आहे. गोल पायजे, तं गोल आहे. रुई चालत नाही असं इथं कुठं लिहेल नाही." वीस वर्षांची शिट्टी होती ती. कोणी वाद घातला नाही.

सगळे मैदानाकडे निघाले. मारोतराव मात्र उलट्या दिशेनं, थेट बायकांच्या सतरंजीपाशी गेले. गुडघे फुटलेले, नाक सुजलेलं. सासूबाईंपुढं हात जोडून ते म्हणाले, "आई, एक मागणं आहे. गोविंदाले मले पाडाची परवानगी द्या."

"शिव शिव शिव!" इंदूबाईंनी कानांवर हात ठेवले. "जवाईले पाडाची? नरकात जाईल तो!"

"इथं मी जवाई नाही, आई. इथं मी सेंटर फॉरवर्ड आहो."

प्रभावती लाडू वेचता वेचता थांबली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. बारा वर्षांत तिनं त्यांना माहेरी कोणापुढं असं ठासून बोलताना ऐकलं नव्हतं. "दे वो आई परवानगी," ती म्हणाली. "पडतीन तं पडतीन. त्यायले पडू दे."

इंदूबाई विचारात पडल्या. धर्मही सुटता कामा नये आणि जावयाचा शब्दही मोडता कामा नये. शेवटी त्यांनी मुलाला हाक मारून निकाल दिला. "गोविंदा, लाव पाय. पण पाय लागला की तिथल्या तिथं पाया पडजो. चुकलास तं घरात जेवाले येऊ नको."

उत्तरार्धात खेळ निराळाच झाला. पुसदच्या जवानांनी सवयीनं लांब लाथा हाणल्या. चेंडू दहा हातांवर पडून बसे आणि ते पायाचा अंगठा धरून बसत. दारव्ह्याचे लोक मात्र त्या चेंडूला तीन आठवडे ओळखत होते. चार हातांवर दे, घे, पुन्हा दे, असा चेंडू मुंगीच्या पावलानं पुसदच्या गोलाकडे सरकू लागला. लोक आधी हसले, मग उठून उभे राहिले. पण गोल काही होईना. रुईच्या चेंडूनं लांबून गोल होत नाही, अगदी जवळ जावं लागतं, आणि जवळ गोविंदा उभा होता.

शेवटची चार-पाच मिनिटं उरली. चेंडू मारोतरावांच्या पुढं येऊन थांबला. गोल वीस हातांवर. समोर गोविंदा, त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोघे, मागं गोलकीपर. छातीत भाता चालला होता. साध्या, शहाण्या माणसानं चेंडू बाजूला देऊन टाकला असता. पण मारोतरावांच्या डोळ्यांपुढं तो मिशाळ माणूस उभा राहिला.

त्यांनी तेरावी सुरू केली.

उजवा पाय चेंडूवरून फिरला. डावा फिरला. कंबर इकडे, खांदा तिकडे. गोविंदा डावीकडे झुकला, सावरला, उजवीकडे झुकला. पुन्हा उजवा पाय, पुन्हा डावा. चेंडू जागचा हलला नव्हता. पुसदचे तिघेही पुढं आले आणि मारोतरावांच्या पायांकडे पाहत राहिले. गोलकीपर गोल सोडून दोन पावलं पुढं आला, त्याला नीट दिसत नव्हतं म्हणून. बायका उठून उभ्या राहिल्या. निंबावरची पोरं खालच्या फांदीवर उतरली. सात फेऱ्या झाल्या, आणि मारोतराव त्या जागी येऊन पोचले जिथं वाळवी सुरू होत होती. तब गेंद को. आता काय? वेळ आली की सुचेल म्हणत होते, ती वेळ आली आणि काही सुचलं नाही. म्हणून त्यांनी आठवी फेरी सुरू केली.

गोविंदाचा धीर सुटला. त्यानं डोळे मिटून लाथ घातली. ती चेंडूला न लागता जावयाच्या नडगीला लागली आणि मारोतराव धाडकन उताणे पडले. मैदान हळहळलं. आणि गोविंदा, आईचा हुकूम आठवून, तिथल्या तिथं गुडघे टेकून, त्यांच्या पायांवर डोकं ठेवता झाला. त्याचे दोन्ही साथीदार त्याच्याकडे पाहत राहिले.

चेंडू मध्ये एकटा पडलेला होता. कोणी त्याच्याकडे पाहतच नव्हतं. फक्त एक माणूस पाहत होता, कारण त्याला फुटबॉलचं एकच तत्त्व ठाऊक होतं. मागून पूनमसिंग धावत आला, "याडी!" अशी आपल्या आईला हाक मारली, आणि सहा मैलांची रोजची चाल एका लाथेत घातली. शिवण उसवली. चेंडू गोलात गेला, आणि त्याच्या मागं पांढऱ्या रुईची एक रांगोळी गोलापर्यंत पडली.

पुसद एक, दारव्हा एक. चेंडूच उरला नाही, तेव्हा सामना तिथंच संपला. पुसदवाले क्षणभर बाबारावांकडे पाहत राहिले. मारोतरावांना पाडलं तेव्हा शिट्टी वाजायला हवी होती, आणि ती वाजली असती तर गोल धरला गेला नसता. शिट्टी बाबारावांच्या तोंडातच होती. त्यांनी ती काढली, पुसली आणि हात वर करून गोल दिला.

संध्याकाळी सासऱ्यांच्या अंगणात सगळे बसले होते. मारोतरावांच्या नडगीवर हळदीचा लेप, खाली उशी. पूनमसिंग आणि डोमाजी ओसरीवर सगळ्यांच्या पंगतीला जेवून पान खात होते. बाबाराव आले आणि खुर्ची ओढून जावयाजवळ बसले. जेवणं झाली होती, तेव्हा आता "पोट बरं आहे ना?" येणार, हे मारोतरावांना माहीत होतं.

बाबारावांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग घसा खाकरून म्हणाले, "वीस वर्षांत पहिल्यांदा शिट्टी वाजवाले चुकलो."

"माफ करा, मामाजी. माह्यामुळं..."

"तुमच्यामुळंच. मले भानच राह्यलं नाही. मी तुमचे पाय पाहून राह्यलो होतो." ते पुढं झुकले. हेडमास्तरी आवाज कुठंतरी गेला होता. "ते कसं केलं तुम्ही?"

मारोतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते नडगीच्या ठणक्याचं आहे असं दाखवून त्यांनी लेपावर हात ठेवला. मग पिशवीतून पुस्तक काढून त्यांनी सासऱ्यांच्या हातात दिलं. बाबारावांनी बोट ठेवून वाचलं, चित्रं पाहिली, ओठ हलवत पानाच्या टोकाशी आले आणि थांबले.

"और तब गेंद को... पुढं काय?"

बारा वर्षं ज्याची वाट पाहिली, तो प्रश्न आला होता, आणि एकाच्या जागी दोन आले होते. दुसऱ्याचं उत्तर आज सकाळपर्यंत मारोतरावांजवळ नव्हतं. आता होतं.

"पुढं पूनमसिंग," ते म्हणाले.

ओसरीवर डोमाजींना पानाचा ठसका लागला. बाबाराव खुर्चीच्या हातावर थाप मारून असे हसले की आत झोपलेलं नातवंड जागं झालं. मग ते उठले, चपला काढल्या, अंगणाच्या मध्यभागी एक उशी ठेवली आणि हाफपँट वर ओढून म्हणाले, "पह्यले उजवा का डावा?"

"उजवा. आणि कंबर त्याच्या उलट." मारोतराव लंगडत उभे राहिले. "नाही, नाही, मामाजी, खांदा इतका पाडू नका. पहा, असा."

चहा घेऊन बाहेर आलेल्या इंदूबाईंनी पाहिलं, तर उशीच्या एका बाजूला लंगडा जावई आणि दुसऱ्या बाजूला साठीचा नवरा, दोघंही हवेत पाय फिरवत होते. "अहो, काय लावलं हे! जवाईबापूले आराम तं करू द्या!"

"चहा तिथं ठेव," बाबाराव पाय न थांबवता म्हणाले. "आणि जवाईबापू नको म्हणू. सेंटर फॉरवर्ड आहेत ते."